उंबरठ्याबाहेर राहिलेली टाच

खुबा बदलून घरी आलेल्या माणसाला भेटायला जो येतो त्याची नजर आधी पायाकडे जाते. "जरा चालून दाखव" म्हणतात, तो बिचारा वॉकर टेकत चालूनही दाखवतो, आणि मग कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, "एक पाय लांब झालाय बघ. डॉक्टरनं वाट लावली." भिवंडीत पद्मानगरपासून गैबीनगरपर्यंत हा निकाल मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत ऐकायला मिळतो. निकाल देणारा चहा पिऊन निघून जातो. रोगी मात्र त्या दिवसापासून चालताना खाली बघायला लागतो, आणि पुढे पुढे चालणंच टाळतो.

हा फरक येतो कसा, ते आधी पाहू. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. गोळा झिजला किंवा सुकला की पाय हळूहळू आखूड पडतो, कंबर तिरकी होते, आणि शरीर त्या तिरकेपणाशी जमवून घेतं. ऑपरेशनमध्ये नवा गोळा बसतो, पाय मूळ लांबीवर येतो. पण कमरेला तिरकं राहायची सवय लागलेली असते, तिला तोच पाय लांब वाटतो. हा भासणारा फरक आखडलेले स्नायू व्यायामाने मोकळे झाले की साधारण तीन ते सहा महिन्यांत बराचसा ओसरतो. दुसरा फरक खरोखरच मापातला असतो. नवा सांधा निखळू नये म्हणून सर्जनला कधी कधी आजूबाजूचे स्नायू ताणात ठेवावे लागतात आणि त्यापायी पाय काही मिलिमीटर लांब राहतो. पक्का सांधा की काटेकोर लांबी, असा पेच पडला तर शहाणा सर्जन सांध्याच्या बाजूने कौल देतो, आणि ते बरोबरच आहे. एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना पुढे जाणवतही नाही.

म्हणजे प्रत्येक फरक ही चूक नव्हे. पण ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं काढून हे न सांगणं ही चूकच आहे. सही घेतलेल्या कागदावर ते बारीक अक्षरात असतं. गिऱ्हाइकाला अटी दाखवाव्यात तसं. अमेरिकेत खुबारोपणानंतर सर्जनवर जे दावे होतात त्यांत पायाच्या लांबीची तक्रार वरच्या क्रमांकात असते. आपल्याकडे दावे क्वचित होतात, त्याऐवजी माणूस गप्प बसतो. डॉक्टरांना ही शांतता समाधानाची वाटत असेल तर त्यांनी एकदा रोग्याच्या घरी जाऊन यावं.

परदेशात खुबा बदलतात तो मुख्यतः उतारवयात, झिजेमुळे. आपल्याकडे गोळा सुकलेल्या तरण्याताठ्या माणसांचा भरणा मोठा असतो. स्टिरॉइड, दारू, जुना मार अशी त्याची कारणं. करोनानंतर गोळा सुकलेल्या रोग्यांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी केली. तेव्हा हा प्रश्न पेन्शनीत निघालेल्यांपुरता नाही, कमावत्या वयातल्या माणसाचाही आहे. आणि भिवंडीत कमावणं म्हणजे उभं राहणं. मागावरचा कारागीर बारा बारा तास चार-सहा मागांच्या मधल्या बोळातून फिरत असतो. कुठे धागा तुटला, कुठे कांडी संपली, बघत. माणकोली-दापोड्याच्या गोदामातला माणूस दिवसभर खोकी उचलतो. अशा माणसाला दीड सेंटिमीटरचा फरक पायात न कळता संध्याकाळी कमरेत कळतो. तो मुकादमाला सांगत नाही, कारण "लंगडा काय माग चालवणार" हे उत्तर त्याला आधीच पाठ आहे.

उपाय आहे, आणि तो महागडा नाही. जो पाय आखूड आहे त्याच्या खाली तेवढी भर द्यायची. माप घ्यायची एक साधी रीत अशी: माणसाला अनवाणी सरळ उभं करायचं, आखूड पायाखाली पातळ फळ्या एकीवर एक सरकवायच्या, आणि कमरेची दोन्ही हाडं एका पातळीत येईपर्यंत थांबायचं नाही. जितक्या फळ्या गेल्या तितका फरक. शंका उरली तर एक्स-रे आहेच. एक सेंटिमीटरच्या आसपास भर चपलेच्या आत मावते, त्याहून जास्त असेल तर बाहेरून सोल वाढवावा लागतो. सगळी भर एकदम देत नाहीत, थोडी थोडी वाढवतात. पहिल्या काही महिन्यांत तर घाईच करू नये, नाहीतर जो तिरकेपणा व्यायामाने जाणार होता तो टाचेच्या आधाराने पक्का होतो. पुष्कळदा भर ऑपरेशन न झालेल्या पायाला द्यावी लागते, कारण लांब झालेला असतो तो नव्या सांध्याचा पाय. त्यावर घरात हमखास वाद होतो. ऑपरेशन डाव्याचं आणि टाच उजव्याला? हो, उजव्यालाच.

इथपर्यंत काम डॉक्टर आणि फिजिओचं. पुढची अडचण आपण घातली आहे. ती टाच चपलेत असते आणि चपला आपण दारात काढतो.

बाहेर नोकरीला जाणाऱ्या पुरुषाला निदान आठ-दहा तास त्या चपलेचा उपयोग होतो. घरातल्या बाईचं काय? तिचा दिवस ओटा, मोरी, देवघर आणि गॅलरी यांत जातो, आणि तो सगळा अनवाणी. ऑपरेशन झालेली बाई पोळ्या करताना कशी उभी राहते ते एकदा बघा. लांब पायाचा गुडघा वाकवलेला, किंवा आखूड पायाची टाच अधांतरी, आणि सगळा भार ओट्याच्या कडेवर टेकलेल्या डाव्या हातावर. तिच्यासाठी करून आणलेली जाड सोलची चप्पल मात्र दाराबाहेरच्या रॅकवर नव्यासारखी चकचकीत असते, कारण ती आठवड्यातून दोनदा भाजीला जाताना वापरली जाते. औषध आणायचं आणि ते घराबाहेरच घ्यायचं असा हा प्रकार झाला.

"घरात चप्पल घालून स्वयंपाक? देवाधर्माचं काही आहे की नाही?" असं सासू विचारेल, सासूच्या धाकाने सूनही विचारेल. या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. रस्त्यावरची घाण घरात येऊ नये, हा या रूढीमागचा विचार चांगलाच आहे. पण जी चप्पल कधी रस्ता बघतच नाही तिच्यात घाण कुठून येणार? आळंदीहून पंढरपूरला पालखी निघते तिच्यात माउलींच्या पादुकाच असतात, लाखो लोक त्यांच्यापुढे डोकं टेकवतात. पायातली वस्तू पूज्य मानणारा हा समाज, त्याला आजारी बाईच्या पायातली धुतलेली रबरी चप्पल तेवढी विटाळ वाटते. मुसलमान घरांतही वेगळं काही नसतं. खरं तर स्वच्छ पादत्राण घालून नमाज पढायला त्यांच्या परंपरेत आधार आहे, खुर्चीवर बसून नमाज पढायला तर मुभाच आहे. अडवतो तो धर्म नसतो, शेजारी काय म्हणतील ते असतं. मंदिराच्या विश्वस्तांनी आणि मशिदीच्या कमिटीनेही अशा लोकांसाठी वेगळी धुतलेली चप्पल आत चालू द्यावी, आणि पायऱ्यांच्या एका बाजूला हात धरायला दांडी लावावी. त्यासाठी वर्गणी काढायची वेळ येणार नाही.

सरकारी मोजपट्टीही पाहून घ्या. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आखूड पायाच्या पहिल्या अर्ध्या इंचाला शून्य टक्के धरतात, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के. २०१६ च्या कायद्यातल्या बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. नुसत्या आखूडपणावर तिथे पोचायचं तर पाय साडेपाच इंच आखूड हवा. याबद्दल माझी तक्रार नाही. अर्ध्या इंचाने माणूस अपंग होत नाही, असंच ही मोजपट्टी सांगते. मग जो फरक सरकारदरबारी शून्य, तोच लग्नाच्या बैठकीत शंभर टक्के कसा होतो? मुलीच्या चालीत किंचित हेलकावा दिसला की "नंतर कळवतो" म्हणून उठणारी मंडळी घरी जाऊन पदवी, पगार, पत्रिका सगळं विसरतात. आणि आपण गल्लीत ज्याला नावाऐवजी "ए लंगड्या" म्हणून हाक मारतो, त्याला ते प्रेमाने म्हणतो अशी आपली समजूत असते. अपंगांबद्दलची हिणवणारी भाषा माणसाचं मोल कमी करते, हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये एका चित्रपटाच्या खटल्यात बजावलं. तो दंडक सिनेमावाल्यांना दिला गेला. नाक्यावरच्या पानटपरीला त्याची प्रत पाठवायची सोय नाही.

फरक लपवणारा माणूस व्यायामालाही जात नाही, कारण फिजिओकडे जाणं म्हणजे कबुली देणं. तिथून पुढचं दुखणं त्याने आणि आपण मिळून वाढवलेलं असतं. अर्थात सगळं सोसायचंही नाही. पाय सुन्न पडत असेल, पंजा उचलता येत नसेल, फरक दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढे असेल किंवा सहा महिन्यांनीही कमी वाटत नसेल, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरपुढे जाऊन दोन्ही पायांचं माप मागायचं. तो रोग्याचा हक्क आहे, उपकार नव्हे.

भर करून घ्यायला मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. तिथे पादत्राणांचं काम होतं. तेवढं लांब जमत नसेल तर नाक्यावरचा चपला शिवणारा कारागीरही सोल वाढवून देतो, आणि हात बसलेला असेल तर उत्तम देतो. फक्त त्याला "जरा उंच कर" असं सांगू नये. डॉक्टरकडून किती मिलिमीटर ते कागदावर लिहून घ्यावं, भर नुसत्या टाचेला हवी की पूर्ण तळव्याला तेही लिहून घ्यावं, आणि एका जोडाऐवजी दोन सांगावेत. दुसरा जोड घरात घालायचा.