एकांताची यादी

व्हर्सायच्या राजवाड्यात शिरणं फारसं अवघड नव्हतं. अंगावर बरा पोशाख, हॅट आणि कमरेला तलवार असली की पहारेकरी अडवत नसत; तलवार नसली तर ती दरवाजाशी भाड्यानं मिळे. आत चौदाव्या लुईचं उठणं, जेवणं, झोपायला जाणं, सगळं दरबाऱ्यांच्या देखत चाले. राजा सतत दिसत राहिला पाहिजे, यावरच ती राज्यपद्धती उभी होती. आणि याच राजानं १६७९मध्ये व्हर्सायच्या उत्तरेला, जेमतेम सात किलोमीटरवर, मार्लीच्या दरीत स्वतःसाठी एकांताची जागा बांधायला काढली.

लुईच्या दरबारात वावरलेल्या ड्यूक द सँ-सिमाँच्या आठवणींत या दरीचं वर्णन आहे. अरुंद, दलदलीची, कुठूनही लांबवरचं न दिसणारी. त्याच्या मते राजानं ती निवडली तेच मुळी तिथे विस्ताराला वाव नव्हता म्हणून. मग टेकड्या कापल्या, वाढलेली झाडं दुरून आणून लावली, त्यातली बहुतेक मेली, की पुन्हा नवी आणली. सँ-सिमाँचा राजावर राग होता, तेव्हा त्याचं म्हणणं गाळूनच घ्यायला हवं. पण साधेपणासाठी सुरू झालेल्या कामाचा खर्च हाताबाहेर गेला, हे त्याचं निरीक्षण चुकीचं म्हणता येत नाही.

वास्तुकार होता ज्यूल आर्दुअँ-मान्सार, व्हर्सायचा आरसेमहाल उभारणारा. इथे त्यानं एक अखंड राजवाडा बांधलाच नाही, त्याचे तुकडे केले. वरच्या टोकाला राजाची चौरस इमारत. तिच्या मध्यभागी दोन मजले उंचीचा अष्टकोनी दिवाणखाना, वरून उजेड घेणारा, आणि चार कोपऱ्यांत चार निवासस्थानं. समोर पाण्याचा विस्तीर्ण हौद, उतरत जाणाऱ्या गच्च्या, आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा अशी पाहुण्यांची बारा छोटी घरं. मधला सूर्य आणि भोवतीच्या बारा राशी, असा या मांडणीचा अर्थ लावला जातो. स्वतःला सूर्य म्हणवून घेणाऱ्या राजाच्या बाबतीत तो ओढूनताणून लावलेला वाटत नाही. मला मात्र राशींपेक्षा अंतरं महत्त्वाची वाटतात. व्हर्सायमध्ये हजारो माणसं एकाच छपराखाली कोंबलेली. कोण राजाच्या किती जवळ, हे जिन्यांच्या आणि बोळांच्या गुंत्यात दडून जाई. मार्लीत ते उघड्या बागेत मांडलेलं होतं.

आणखी एक गंमत म्हणजे या इमारतींच्या भिंतींवरचं पुष्कळसं काम कोरलेलं नव्हतं, रंगवलेलं होतं. खांब, उठावचित्रं, संगमरवराचा भास, सगळं चित्रकार शार्ल ल ब्रंच्या कल्पनेतून ओल्या गिलाव्यावर उतरलेलं. पॅरिसजवळच्या पावसाळी हवेत असा रंग किती टिकणार? पण काटकसर दाखवायची आणि वैभवही सोडायचं नाही, तर दुसरा उपाय काय होता?

१६८६पासून राजा इथे मुक्कामाला येऊ लागला. बोलावणं यादीनुसार. राजा जाताना दिसला की दरबारी हळूच विचारत, "महाराज, मार्ली?" तेवढे दोनच शब्द, उत्तर यादीत नाव आलं की मिळे. एकदा आत गेलं की रीतिरिवाज सैल होत. फिरताना राजा स्वतःच पुरुषांना हॅट घालायला सांगे, जे व्हर्सायमध्ये त्याच्यासमोर अशक्य होतं. आता या सैलपणाला मोकळेपणा म्हणायचं का? राजानं परवानगी दिल्यावर घातलेली हॅट ही काढलेल्या हॅटपेक्षा मोठी गुलामी आहे, असं मला वाटतं. व्हर्सायच्या गर्दीत राजाचं दर्शन स्वस्त झालं होतं. मार्लीनं ते पुन्हा महाग केलं. एकांत हवा असलेल्या माणसानं एवढी घरं पाहुण्यांसाठी बांधलीच नसती.

या दरीतल्या कारंज्यांना आणि व्हर्सायच्या तहानलेल्या बागांना पाणी हवं होतं, आणि ते खाली सेन नदीत. बुजिवालपाशी १६८१ ते १६८४ या काळात उभं राहिलेलं 'मार्ली यंत्र' त्या काळातलं नवल होतं. प्रवाहावर फिरणारी चौदा प्रचंड लाकडी चाकं, दोनशेहून अधिक पंप, आणि टप्प्याटप्प्यानं सुमारे दीडशे मीटरवर चढणारं पाणी. उद्योजक आर्नोल द व्हिल, आणि प्रत्यक्ष जुळणी रेनकँ स्वालेम या लिएजकडच्या सुताराची. लाकूड आणि लोखंड घासल्याचा आवाज परिसरभर घुमे, दुरुस्ती कायमची मागे लागलेली. एवढं करूनही पाणी पुरत नसे; व्हर्सायमध्ये राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्ट्या मारून एकमेकांना इशारा देत, तो जिथे पोहोचेल तिथलं कारंजं सुरू, मागचं बंद. मार्लीच्या मागच्या टेकडीवरून उतरणारा संगमरवरी धबधबा तर १७२८मध्ये काढूनच टाकला. तिथे हिरवळ लावली. ती परवडत होती.

व्हर्सायशेजारच्या त्रियानोंचीही हीच कथा. तिथे आधी एक गाव होतं, ते पाडलं. १६७०मध्ये निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेला छोटा महाल झाला. थंडीत फरशा तडकू लागल्या, तेव्हा १६८७मध्ये तो पाडून गुलाबी संगमरवराचा बांधला. तो अजून उभा आहे, आणि १९२०मध्ये हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख काढून घेणारा तह तिथेच झाला.

मार्ली उरलं नाही. फ्रेंच क्रांतीनंतर सामान विकलं गेलं, १७९९मध्ये वास्तूही. घेणाऱ्यानं तिथे सुताची गिरणी घातली. ती बुडाली आणि त्यानं इमारती पाडून दगडधोंडे विकले. शिल्पकार गियोम कूस्तूचे उधळलेले संगमरवरी घोडे त्याआधीच पॅरिसला गेले होते; मूळ शिल्पं आता लूव्ह्रमध्ये आहेत. व्हर्साय मात्र वाचलं. एवढ्या अवाढव्य जागेचं संग्रहालय तरी होऊ शकलं. मार्लीची उपयुक्तता राजाच्या मर्जीपुरतीच होती.

पण पाडलं जाण्याआधी मार्लीनं एक काम केलं, आणि ते बांधणाऱ्याच्या वंशाला महाग पडलं. जून १७८९. इस्टेट्स जनरलचं, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य अशा तीन वर्गांच्या प्रतिनिधींचं, अधिवेशन व्हर्सायमध्ये तापलेलं. ४ जूनला सोळाव्या लुईचा सात वर्षांचा युवराज वारला आणि महिन्याच्या मध्यावर राजकुटुंब शोकासाठी मार्लीला गेलं. १७ तारखेला तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलं. अर्थमंत्री नेकेर तडजोडीचा मसुदा घेऊन मार्लीला पोहोचला, तर राजाभोवती राणी आणि धाकटा भाऊ आर्त्वा. मसुद्याची धार बदलली. दरबार यादीवर आला की राजाच्या कानापर्यंत कोण पोहोचतं, हे आपोआप ठरतं. मुलगा गेलेल्या बापाला दोष देणं जड जातं, पण राजा त्या आठवड्यात दरीत होता हे खरं. २० तारखेला सभागृहाला कुलूप दिसलं तेव्हा प्रतिनिधी टेनिस कोर्टवर जमले आणि शपथ घेतली. राजा दुसऱ्या दिवशी परतला. २३ला त्यानं त्यांचे ठराव रद्द केले आणि आपापल्या वर्गानुसार वेगळं बसण्याची आज्ञा दिली. राजा बोलला, दळ काही हललं नाही.