टेकडीचें देणें

पुण्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशीं आतां दाट वस्ती झाली आहे. सज्जांतून वेताळ टेकडीकडे पाहणाऱ्यास पावसाळ्यांत सर्व हिरवेंगार दिसतें व तो संतुष्ट होतो. परंतु ह्या हिरवळींत पुष्कळ भाग उंदीरमारीचा, म्हणजे गिरिपुष्पाचा आहे. सरपण, चराई व दगडाच्या खाणी ह्यांनीं उतार उजाड झाले, तेव्हां तें झाड भराभर लावण्यांत आलें. तें मूळचें मध्य अमेरिकेंतलें. नुसती फांदी खोंचली तरी जगतें. लावणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. माती वाहूं लागली म्हणजे मनुष्य हातीं येईल तें लावतो. (आमच्या मंदिरांच्या आवारांत मादागास्करचे गुलमोहर किती आहेत, हें मोजण्यास आम्ही धजत नाहीं.)

तथापि त्या भूमीचें स्वतःचें वस्त्र निराळें होतें: सालई, धावडा, खैर, गणेर, आणि त्यांच्या पायाशीं पवना, मारवेल, कुसळी. वळवाचा थेंब उघड्या मुरुमावर आदळला कीं माती सुटून ओघळीस लागते. तोच गवताच्या पात्यावर पडला तर हळूच उतरून मुळाशीं जिरतो.

आतां प्रश्न असा: आपण जें ओरबाडलें तें परत करतांना आपणांस सोयीचें तें द्यावें, कीं ज्याचें घेतलें त्याचें त्यास द्यावें? जक्कयानें अर्धें द्रव्य दरिद्र्यांस देऊं केलें, पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. ज्यांस नाडलें होतें त्यांस चौपट परत करण्यास तो तयार झाला. दान निराळें व परतफेड निराळी, हें त्यास कळलें होतें.

मात्र भूमीचें परत देतांना दुसऱ्याच कोणाचें घेतलें जाण्याचें भय आहे. गवत यावयाचें तर कांहीं वर्षें शेळ्या दूर ठेवाव्या लागतात, आणि शेळी बहुधा गरिबाची असते. नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवीं १९९० नंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी झाली, उतारांवर चर खणले गेले. गवत मात्र विळ्यानें कापून नेण्याची मोकळीक राहिली. ती बंदी टिकली, ह्याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, बंदी घालणारे व गुरें राखणारे एकाच ग्रामसभेंत बसत होते. शहरालगतच्या टेकडीवर बंदी मागणाऱ्याजवळ शेळीच नसते.

उंदीरमारी एकदम तोडूं नये, नाहींतर माती पुनः उघडी पडेल. ती विरळ करीत जावें व मध्यें देशी रोपें लावावीं. दिवाळीनंतर, गवताचें बी झडल्यावर, कापणी करावी; आणि पहिला भारा कोणी न्यावा हें ठरविण्यास पायथ्याच्या शेळीवाल्यास अगोदर बोलवावें.