रंध्रांची दिशा

डिजिटल शिल्पात चेहरा जवळजवळ पुरा झाला की त्यावर त्वचेचा पोत चढवायची वेळ येते. नेमक्या याच टप्प्यावर कितीतरी चांगली कामं बिघडताना मी पाहिली आहेत. कवटी बरोबर, गालाची हाडं बरोबर, पापण्यांची जाडीसुद्धा बरोबर. मग एखादा तयार अल्फा, म्हणजे पोत उमटवणारा करड्या छटांचा ठसा, घेतला जातो, सगळ्या चेहऱ्यावर सारखाच फिरवला जातो आणि माणसाच्या जागी संत्र्याची साल उरते.

साधनांना दोष द्यायला जागा नाही. झीब्रश या डिजिटल शिल्पाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची विभागणी केली की दर खेपेला एका चौकोनाचे चार होतात. 5,000 चौकोनांपासून सुरुवात केली तर सहा विभागण्यांत आकडा 2 कोटींच्या पुढे जातो, आणि मग एकेक रंध्र उमटवता येतं. खऱ्या माणसांच्या त्वचेवरून तयार केलेले, मॉडेलचा पृष्ठभाग उंचसखल करणारे डिस्प्लेसमेंट मॅपही विकत मिळतात. ठरवायचं असतं ते एवढंच, की कुठलं रंध्र कुठे आणि कोणत्या दिशेला.

ही दिशा मनाने ठरवता येत नाही. ऑस्ट्रियाचा शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर याने मृतदेहांच्या त्वचेला गोल टोच्याने भोकं पाडून पाहिली आणि 1861 साली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती. कारण शरीरावर जागोजागी त्वचा एका विशिष्ट दिशेने ताणलेली असते. छेद घेताना सर्जन आजही या ताणाचा विचार करतात. आपणही करायला हवा. नाकाच्या शेंड्यावरची रंध्रं ठसठशीत आणि बरीचशी गोल असतात. नाकपुडीची घळ ओलांडून गालावर आलो की ती तिरपी, लांबट होत जातात आणि कानाकडे जाता जाता विरतात. डोळ्याखाली रंध्रं जवळपास दिसतच नाहीत, तिथे बारीक रेषांचं जाळं असतं. कपाळाचा स्नायू उभा ओढतो, म्हणून तिथल्या आठ्या आडव्या. डोळ्याभोवतीचा स्नायू वर्तुळाकार, म्हणून कोपऱ्यातल्या रेषा बाहेरच्या दिशेने फाकतात. हे एकदा नीट कळलं की हात आपोआप सावकाश चालतो.

मध्यंतरी मी माझ्या आत्याचा चेहरा घडवायला घेतला. तिला दुपारी खिडकीपाशी बसवलं, उजेड एका बाजूने येईल असं. समोरून पडणारा उजेड त्वचेतले उंचसखल भाग पुसून टाकतो, तिरपा उजेड ते उघडे करतो. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "अरे, इतकं जवळून काय बघतोस? सुरकुत्याच आहेत नुसत्या." त्या नुसत्या सुरकुत्या नव्हत्या. जड कुड्यांनी कानाच्या पाळीचं भोक खाली ओघळून उभी चीर झाली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना त्वचा बारीक चुण्यांनी गोळा झाली होती. चमकीच्या भोकाभोवती एक गुळगुळीत कडं होतं, रंध्रं तिथे थांबत होती. वर्षानुवर्षं टिकली लावून भुवयांच्या मधली जागा फिकट झाली होती. मी चाळलेल्या कुठल्याही तयार संग्रहात यातलं काही नव्हतं. ते संग्रह मुख्यतः गोऱ्या आणि तरुण चेहऱ्यांचे.

आत्या सावळी आहे, आणि सावळ्या त्वचेचं गणित वेगळं असतं. त्वचेवर पडलेला काही प्रकाश वरच्या तेलकट थरावरूनच परततो. बाकीचा आत शिरतो, विखुरतो आणि बाहेर येतो. हेन्रिक वॅन जेन्सन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या विखुरण्याचं एक व्यवहार्य गणिती मॉडेल मांडलं आणि पडद्यावरची त्वचा मेणचट मऊ, जिवंत दिसू लागली. गोऱ्या त्वचेत आतून परतणारा हा उजेड बारीक सावल्या भरून काढतो. सावळ्या त्वचेत मेलॅनिन त्यातला बराचसा शोषून घेतं, म्हणून डोळ्याला प्रामुख्याने जाणवते ती वरची तकाकी. ही तकाकी रंध्रांवर आणि रेषांवर तुटते, आणि पोत आपल्याला दिसतो तो या तुटण्यातून. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर पोताची चूक लगेच उघडी पडते. गोऱ्या चेहऱ्याचा मॅप आणून नुसता रंग गडद केला तर प्लास्टिक दिसतं, आणि ते आपल्या माणसांवर अन्याय करणारं आहे असं मला मनापासून वाटतं.

कामाची रीत साधी आहे. रंध्रं, बारीक रेषा, मोठ्या सुरकुत्या, व्रण, सगळं वेगवेगळ्या लेअरवर ठेवावं, म्हणजे प्रत्येकाचा जोर नंतर कमी-जास्त करता येतो. बहुधा तो कमीच करावा लागतो. आणि अधूनमधून सगळे लेअर बंद करून पाहावं. पोताशिवाय चेहरा ओळखू येत नसेल, तर रंध्रं बाजूला ठेवून पुन्हा हाडांकडे वळावं.

जे शिकत आहेत त्यांना माझी विनंती आहे. तयार अल्फा जरूर वापरा, पण घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांचे चेहरे तिरप्या उजेडात जवळून टिपा, वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या रंगांचे, आणि त्यांची हरकत नसेल तर ते फोटो एकमेकांना द्या. आपल्या चेहऱ्यांचा संग्रह आपणच उभा करायला हवा.