परतफेड की प्रतिसाद?

हाताने वह्या शिवून टपालाने एकमेकांना पाठविणाऱ्या हौशी मंडळींत आम्हीही कोल्हापुरातून सामील झालो. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा. 1940 साली सुरू झालेल्या या संस्थेत सुती कातरणांच्या लगद्यापासून कागद तयार होऊ लागला. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. कागदाच्या घड्या घालाव्यात, दाभणाने भोके पाडावीत, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावे, खळ लावून पुठ्ठा चढवावा. एका वहीत एक संध्याकाळ सरते.

एकदा बदल्यात आली ती वाकड्या शिवणीची, साध्या कागदाची वही. मन खट्टू झाले. वाण्याने माप मारले तर आपण त्याला अन्याय म्हणतो. मग हा अन्याय नव्हे काय?

उत्तर त्या वहीनेच दिले. सुबक वह्या आम्ही कपाटात जपून ठेवल्या होत्या. त्यांत लिहायला हात धजावत नसे. या वाकड्या वहीत मात्र आजारी आईच्या औषधांच्या वेळा लिहिल्या गेल्या. आई गेली तेव्हा वहीची चारच पाने कोरी उरली होती.

परतफेड मोजून घ्यावी लागते, प्रतिसाद मोजता येत नाही. त्या अनोळखी हातांना सफाई नसेल, पण त्यांनीही आपली एक संध्याकाळ दिलीच होती. शिवाय कोरी वही ही मुळात अपुरी भेट. ती पुरी होते घेणाऱ्याच्या हातून.

आता वही पाठविताना पहिल्या पानावर आम्ही एवढेच लिहितो: 'जपून ठेवू नये, वापरून संपवावी.'