खोलीतील सोयी आणि यजमानाचा धर्म

प्रवासास निघालेल्या कुटुंबास मुक्कामाला खोली कशी मिळेल, याचा नेम नसतो. एका लॉजात गरम पाणी, पंखा व स्वच्छ चादर लाभते; तितक्याच भाड्यात दुसरीकडे नळ कोरडा आणि दाराची कडी निखळलेली. हा व्यापाराचा भाग म्हणून सोडून देता येईल. परंतु देवस्थानांच्या भक्तनिवासांतही साधी खोली, वातानुकूलित खोली आणि सामाईक दालन असे दर्जे आढळतात, तेव्हा प्रश्न धर्माचा होतो. देवाच्या दारी आलेल्यांत असा भेद करावा काय?

माझ्या मते भेद सर्वस्वी निंद्य नाही. ऐपतदाराने अधिक पैसे देऊन थंड हवा घेतली आणि त्यातून दालनातील भाविकांची सोय झाली, तर त्यात अधर्म कोणता? पाणी, शौचकूप, दिवा आणि आतून लागणारी कडी यांचीही वाटणी पैशाप्रमाणे होऊ लागली, म्हणजे मात्र यजमानाचा धर्म बुडाला. परगावी लेकीबाळींसह निजणाऱ्या गृहिणीचा कडीवाचून डोळा लागत नाही.

कठोपनिषदातील कथा या दृष्टीने पाहावी. नचिकेता यमाच्या घरी गेला तेव्हा यजमान बाहेर होता, आणि पाहुणा तीन रात्री उपाशी राहिला. परतल्यावर यमाने गैरहजेरीची सबब सांगितली नाही. रात्रीमागे एक, असे तीन वर दिले. ‘व्यवस्थापक गावी गेले आहेत’ असे सांगून पाहुण्यास वाटेस लावणाऱ्यांनी साक्षात मृत्युदेवतेचा हा हिशेब ध्यानी घ्यावा!

इंग्रजी अमदानीतील १८६७ च्या सराई कायद्याने खोल्या व विहिरी स्वच्छ राखणे, पहारेकरी ठेवणे आणि दरपत्रक लावणे ही कर्तव्ये सराईवाल्यावर घातली. त्यांतील दरपत्रकाचे मोल मला विशेष वाटते. सोय उणी असणे क्षम्य आहे, ती झाकून भाडे घेणे नव्हे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधली, व १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तेथे प्रश्न पंखा-पलंगाचा नव्हता, छपराखाली येऊ देण्याचाच होता.

आपल्या सौंसर तालुक्यात जामसावळीस निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी दुरून लोक येतात. कित्येक जण आजारी माणसास घेऊन दिवसचे दिवस राहतात. कोठेही नव्या खोल्या बांधताना पैसा आधी कशावर लावावा हे अशाच कुटुंबांना विचारावे. रात्री रोग्याने पाणी मागितले तर ते कोठे मिळेल, म्हाताऱ्यास शौचास किती पायऱ्या उतराव्या लागतील, आणि सोबतच्या बाईस अंधारातून जावे लागेल काय, एवढेच ती विचारतात.