थोडासा द्राक्षारस आणि आपले हृदय



नाताळ किंवा लग्नकार्य आले की आपल्या काही घरांत पेला पुढे केला जातो. कोणी नको म्हटले, तर १ तीमथ्य ५:२३ चा दाखला दिला जातो आणि "थोडी घेतली तर हृदयाला बरी," असेही वर ऐकवले जाते.

पौलाने तो सल्ला एका आजारी सेवकाला, त्याच्या पोटासाठी व वारंवारच्या दुखण्यांसाठी दिला; मेजवानीसाठी नव्हे. हृदयाविषयी तर तेथे अक्षरही नाही. उलट मद्याने रक्तदाब वाढतो आणि वर्षानुवर्षे अति पिणाऱ्याच्या हृदयाचे स्नायू दुबळे होतात. सणासुदीला भरपूर पिणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकाएकी अनियमित होतात, हे पाहून १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी त्या विकाराला 'हॉलिडे हार्ट' असे नाव दिले. मद्याचे कोणतेही प्रमाण हृदयाला हितकारक नाही, असे वर्ल्ड हार्ट फेडरेशनने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले.

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे आपण शब्बाथ शाळेत शिकवतो. तीच मुले सणाच्या दिवशी आपल्या हातातील पेलाही पाहतात. तेव्हा यंदा तो आपल्या मेजावर नसावा.

जो बंधू या पाशात सापडला आहे, त्याला आपण हिणवू नये. रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. म्हणून आपणच त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करीत राहावे. प्रभू आपणां सर्वांस सामर्थ्य देवो. आमेन.