नगराचा वकील

नगरपालिकेचा वकील नेमका कोणाचा, असे कोणी विचारले तर कायद्याचे उत्तर सरळ आहे. महानगरपालिका ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्तीच असते. तिला स्वतःचा शिक्का असतो, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो, आणि सभासद आले-गेले तरी तिचे अस्तित्व खंडत नाही. वकीलपत्र या व्यक्तीचे असते. परंतु बेळगाव-निपाणीकडच्या आपल्या जुन्या घराण्यांनी सबंध सभागृहच एका आदेशासरशी गेलेले पाहिले आहे. अशा दिवशी वकीलपत्र हाती असलेल्या माणसाने काय करावे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात पुरता मावत नाही. म्हणूनच त्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

वकिली आणि नगरकारभार यांचे नाते आपल्या गावाला नवे नाही. १९१६ च्या एप्रिलात लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावात झाली, तेव्हा अध्यक्ष झाले बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. दोघेही कायदा शिकलेले, आणि दोघांच्याही आयुष्याचा मोठा भाग नगरकारभाराला वाहिलेला. बॅप्टिस्टा पुढे १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. केळकरांनी साताऱ्यास वकिली सुरू केली होती. १८९६ मध्ये टिळकांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले आणि वृत्तपत्रात रमले. १९१८ मध्ये आणि पुन्हा १९२२ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. आज त्यांचे नाव निघते ते साहित्यसम्राट म्हणून. गटारे, पाणीपट्टी आणि शाळा यांच्या कागदांत त्यांनी घालवलेली वर्षे कोणी फारशी आठवत नाही. असो. एका हाताने सरकारवर टीका करणारे पत्र चालवावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच सरकारशी नगराच्या वतीने पत्रव्यवहार करावयाचा, ही कसरत त्यांनी केली, आणि ती करण्यात त्यांना काही लाजिरवाणे वाटले नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

मात्र केळकर निवडून आलेले होते. न पटल्यास राजीनामा देण्याची, पुन्हा लोकांसमोर जाण्याची वाट त्यांना मोकळी होती. १९२२ मध्ये शिक्षणावरील सरकारी नियंत्रणाच्या वादातून अहमदाबादची नगरपालिका सरकारने बरखास्त केली, तेव्हा वल्लभभाई पटेल या वकील सभासदाला तीच वाट होती. १९२४ मध्ये ते त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून परतले. नेमलेल्या वकिलास अशी वाट नसते. त्याला कोणी मत दिलेले नसते आणि परत बोलावण्याचा अधिकारही कोणा मतदाराला नसतो.

आता आपल्याकडे या. २००५ च्या ऑक्टोबरात बेळगाव महानगरपालिकेने हा भाग महाराष्ट्रात सामील करावा असा ठराव केला, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक सरकारने सभागृह बरखास्त केले. सभागृह गेले तरी न्यायालयातील दावे जात नाहीत. घरपट्टीचे, अतिक्रमणाचे, रस्तारुंदीचे दावे ठरल्या तारखांना पुकारले जातच राहतात. वकील तोच, पक्षकाराचे नाव तेच. सूचना देणारा तेवढा बदलतो. अशा वेळी ‘वकीलपत्र त्यांच्या तोंडावर फेका’ असे आपल्यातील पुष्कळ जण म्हणत. त्या भावनेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. सीमाभागात मौनाचीही मोजदाद होते, आणि आपल्या माणसाचे कामावर टिकून राहणे हे संमतीच्या खात्यात जमा केले जाते.

तरीही आमचे मत असे की त्याने राहावे. वकिलांच्या आचारनियमांत स्वीकारलेले काम पुरेशा कारणावाचून आणि पुरेशी सूचना दिल्यावाचून सोडू नये असे म्हटले आहे. हा नियम वकिलाच्या सोयीसाठी नसून पक्षकार उघड्यावर पडू नये यासाठी आहे. येथे उघड्यावर पडणारा पक्षकार बेंगळूरला बसलेला नसतो. सार्वजनिक विहिरीवर किंवा शाळेच्या पटांगणावर कोणी हक्क सांगत असेल आणि नगरपालिकेच्या वतीने कोणी उभे राहिले नाही, तर विहीर आणि पटांगण शहापूरच्या, वडगावच्या माणसांचेच जाते. एका प्रकरणात मात्र त्याने कागद परत करावेत: ज्यात बरखास्तीचाच वाद आहे. ज्या सभागृहाला त्याने काल सल्ला दिला, ते असायलाच नको होते असे आज कोर्टात सांगणे, कायद्याने कदाचित चालेल. आम्हांस ते चालत नाही.

पण अशी प्रकरणे क्वचित येतात. खरी कसोटी रोजच्या किरकोळ कामात असते, आणि तिच्याविषयी आपण कमी बोलतो. अतिक्रमणाची नोटीस निघते ती कन्नडमधून. अनसुरकर गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या विधवेला त्या लिपीतले एक अक्षर ओळखत नाही. नोटीस दारावर चिकटवली जाते, मुदत संपते, प्रकरण कोर्टात येते, आणि वकिलाला सांगावे लागते की नोटीस रीतसर बजावली आहे. तो खोटे बोलत नाही. बजावणी रीतसर झालेलीच असते. पण तिला काहीही कळलेले नाही, हेही त्याला पक्के ठाऊक असते. आपल्या गल्लीतला तो, तिच्या हातचे खाऊन वाढलेला.

कोर्टात तो पक्षकाराविरुद्ध बोलू शकत नाही, बोलूही नये. त्याची जागा त्याच्या आधी आहे. नोटीस निघण्यापूर्वी त्याने अधिकाऱ्याला सांगितले पाहिजे की हिला मराठी प्रत जोडा. भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनातच आहे. ते त्याने पुढे ठेवावे, आणि लेखी ठेवावे. अधिकारी ऐकेल असे नाही. पण नगर हा आपला पक्षकार असेल तर ती विधवाही त्या पक्षकाराचा एक अंश आहे, तिच्याशी भांडतानासुद्धा. खाजगी पक्षकाराच्या वकिलाला हे ओझे नसते. नगराच्या वकिलाला ते असते, आणि त्याची फी त्या मानाने फारच थोडी असते.

याची झळ घराला लागते. त्याच गावात राहावयाचे, त्याच देवळात जावयाचे, आणि मामेभावाच्या भिंतीवर हातोडा पडावा म्हणून कोर्टात उभे राहावयाचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा कोणत्या घरची बाई आली नाही, हे नवऱ्याआधी बायकोला कळते. मुलाला शाळेत ऐकून घ्यावे लागते की तुझे वडील त्यांचे. आणि घरी काही खुलासा करावा तर तीही सोय नाही. पक्षकाराला दिलेला सल्ला बाहेर फोडू नये, हे वकिलाचे बंधन बायकोमुलांपुढेही सुटत नाही. मराठी प्रतीसाठी तो कचेरीत तासभर भांडला असेल. ते पत्र फाइलीत जाते, फाइल दप्तरात जाते, आणि घरात माहीत असते ते एवढेच की त्या विधवेची पडवी पाडली तेव्हा पलीकडच्या बाजूने हे उभे होते.